मिनिटरावांचं मिनिट

आमच्या धाकट्या दिराला कामावर सगळे मिनिटराव म्हणत. घरात मी त्यांना भाऊजी म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा हे गृहस्थ दहा वर्षांचे होते. दिराला अहो-जाहो करायचं, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. मग काय, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी ‘भाऊजी, नाक पुढे करा’ म्हणून त्यांचं नाक पुसायचे. ती सवय लागली ती लागलीच. ते मात्र मला पहिल्यापासून ‘वहिनी, तू’ म्हणतात. माझे यजमान जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी तिच्या घरी सुखात आहे, आणि या तीन खोल्यांत आता आम्ही दोघंच उरलो आहोत. मी त्र्याहत्तर, ते साठ.

लहानपणी हा माणूस सिनेमा पाहून आला की गोष्ट सांगायला बसे. म्हणजे गोष्ट नव्हेच. ‘मग तो जिन्यावरून पडतो! मग ती त्याला ओळखतच नाही! मग बंदूक!’ मध्ये काय झालं विचारलं की म्हणत, ‘मध्ये काही नाही, नुसतं बोलतात.’ त्यांचं लग्न एकदा जवळजवळ ठरलं होतं. मोडलं तेव्हा त्या मुलीला मी कारण विचारलं. ती म्हणाली, ‘यांच्याबरोबर पहिली दहा मिनिटं फार छान जातात.’ मुलगी हुशार होती. तिचं पुढे चांगलं झालं असणार.

असा माणूस टीव्हीच्या संकलनात गेला आणि तिथेही त्यांच्या वाट्याला नेमकं तेच आलं. मालिकेचा भाग सुरू होण्याआधी ‘आतापर्यंत काय घडलं’ म्हणून साठ सेकंद दाखवतात, आणि तेवढ्यात लोक गॅस बंद करून येतात. ते साठ सेकंद भाऊजी कापायचे. नऊ वर्षं त्यांनी एकाच मालिकेचं मिनिट कापलं. नवरा गेल्यावर अकरा खोल्यांचं लॉज चालवणारी एक बाई, लॉजवर डोळा ठेवून बसलेला तिचा पुतण्या, आणि येणारी-जाणारी माणसं. आठ वाजता लागायची म्हणून सगळे तिला ‘आठची’ म्हणत. भाऊजींच्या मिनिटाला कुणी गॅस बंद करायला उठत नसे. दूध उतू गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे, माझंच.

जिन्याखालच्या एका खोलीत ते बसत. दोन पडदे, एक खुर्ची, आणि एसी इतका गार की बाराही महिने स्वेटर. पण खरी संपत्ती म्हणजे बुटांची सहा खोकी. त्यांत पोस्टकार्डाएवढी कार्डं. मालिकेतला प्रत्येक चांगला क्षण एका कार्डावर: ‘लॉजवाली पुतण्याला थप्पड मारते, भाग ४१२, सात मिनिटं दहा सेकंद.’ थप्पड, मिठी, दार आपटणं, डोळे भरणं, असे कप्पे. कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख, तो क्षण मिनिटात कधी वापरला त्याची. अडीच हजार भागांतली सगळी थप्पड आणि सगळं रडू या खोक्यांत होतं, आणि हवं ते कार्ड न शोधता हातात येई. मालिकेच्या लेखकालाही काही आठवेनासं झालं की तो जिन्याखाली येऊन विचारत असे.

तर असे हे भाऊजी. पूर्ण भाग कापणारे मुख्य संकलक गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा ती खुर्ची आता आपली, याबद्दल भाऊजींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नवा शर्टही घेऊन ठेवला होता. खुर्ची मिळाली त्यांच्या शिष्येला.

ही मुलगी चार वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आली होती. तिशीची, शांत, चष्म्याला दोरी लावणारी. ‘सर, सर’ करत तिने सगळं शिकून घेतलं. भाऊजी घरी येऊन तिचं कौतुक सांगत, तेव्हाच मी म्हटलं होतं, ‘फार कौतुक करू नका, ऐकणारे ऐकतात.’ मालिकेच्या मालकांनी ऐकलं. भाऊजींना बोलावून म्हणाले, ‘मिनिटराव, तुमचा हात मिनिटाचा आहे. पूर्ण भागाच्या बावीस मिनिटांना दम वेगळा लागतो.’

त्या दिवशी ते घरी आले आणि स्वेटर न काढता जेवणाच्या टेबलाशी बसले.

‘दम वेगळा लागतो म्हणे.’

‘कुणाला?’

‘मी शिकवलं तिला, वहिनी. कात्री कशी धरायची इथपासून.’

‘कात्री असते का आता?’

‘म्हणायची पद्धत आहे!’ ते ओरडले. मग हळूच म्हणाले, ‘पेढी माझी आणि गल्ला तिचा.’

मला त्यांच्या तोंडावरचा रंग ओळखीचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी कॉलेजात मला डावलून माझ्याहून सहा वर्षांनी लहान बाई विभागप्रमुख झाली, तेव्हा मी आठवडाभर आरशात हाच चेहरा पाहत होते. मत्सराला कुठल्याही पदवीने सुट्टी मिळत नाही.

महिन्याभराने भाऊजी एकदम खुशीत दिसू लागले. त्यांनी मालकांना एक कल्पना सुचवली होती: मालिकेला नववं वर्ष लागतंय, तर रोजच्या मिनिटात जुन्या दिवसांची झलक दाखवू. लोकांना आवडेल, आणि वेगळं शूटिंग करायला नको. मालक म्हणाले, वा. शिष्याही म्हणाली, वा सर.

आणि काय मिनिटं कापली त्यांनी! आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम पुढच्या सात महिन्यांत केलं. पहिल्या तीन वर्षांतले क्षण वेचून वेचून काढले. लॉजवाली पुतण्याला घराबाहेर काढते. तीन नंबरच्या खोलीतला म्हातारा तिला मुलगी म्हणतो. पावसात दिवे जातात आणि ती हसत सुटते. साठ सेकंदांत माणसाच्या अंगावर काटा. आणि मग आजचा भाग सुरू व्हायचा. आजचा भाग बहुतेक वेळा कसा सुरू होई? लॉजवाली काउंटरमागच्या फळीवर अकरा किल्ल्या अडकवतेय. एक. दोन. तीन.

‘झाल्या सुरू हिच्या किल्ल्या,’ मी म्हणायचे.

आमच्या खाली औषधाचं दुकान आहे. दुकान चालवणारी औषधवाली दुकान बंद करून रोज आठला आमच्याकडे येते, कारण तिच्या घरी नवरा क्रिकेट लावतो. ती म्हणायची, ‘पूर्वी काय होती हो ही मालिका! आता पाणी घातलंय नुसतं.’

‘पूर्वी एकेका भागात किती घडायचं,’ मी म्हणायचे. मी! चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेली बाई.

भाऊजी कोपऱ्यातल्या खुर्चीत मोजे काढत आमचं ऐकत बसायचे. चेहऱ्यावर असं समाधान, जसं कुणी पाय चेपून देतंय.

औषधवालीने हे दुकानात सांगितलं. दुकानात येणाऱ्यांनी घरी सांगितलं. असं आणखी हजार दुकानांत झालं असणार, कारण तीन-चार महिन्यांत सगळीकडे एकच वाक्य ऐकू यायला लागलं, आठची उतरली. वर्तमानपत्रात कुणीतरी ‘उतरती कळा’ असा मथळा देऊन लिहिलं, आणि त्यात कारणही दिलं: संकलन ढिलं पडलं आहे. प्रेक्षकांचे आकडे घसरू लागले. भाग संपल्यावर येणाऱ्या पाटीवर संकलक म्हणून नाव शिष्येचं. मिनिटाखाली नाव नसतं.

सातव्या महिन्यात एका रविवारी दुपारी ती आमच्या दारात उभी. डोळ्यांखाली काळं, हातात बिस्किटांचा पुडा. भाऊजी गडबडले, मला म्हणाले, ‘चहा.’ मी म्हटलं, ‘तुम्हाला येतो करता.’ मला हलायचं नव्हतं.

‘सर, मला खरं सांगा,’ ती म्हणाली. ‘कुठे चुकतंय माझं?’

‘वेग,’ भाऊजी पुड्याकडे बघत म्हणाले. ‘पूर्वीच्या भागांत दम होता.’

‘तेच शिकायला मी जुने भाग पाहिले, सर. चारशेपासून साडेचारशेपर्यंत, अख्खे. दोन शनिवार-रविवार गेले.’

‘मग?’

‘सर, ते रटाळ आहेत.’ तिने हे असं सांगितलं जसं एखाद्याच्या आईबद्दल काही बोलावं. ‘आजच्यापेक्षा जास्त. चारशे बारामध्ये ती थप्पड आहे ना? तिच्याआधी सात मिनिटं पुतण्या फोनवर बोलतो. नंतर दहा मिनिटं चादरी धुतात. आणि किल्ल्या तर तेव्हाही रोज लावतेच. मग लोकांना तेव्हा का आवडायचं आणि आता का नाही? माझ्यातच काहीतरी कमी असणार.’

भाऊजींनी बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तुटून आत पडेपर्यंत बुडवूनच ठेवलं. ‘मेहनत कर,’ म्हणाले. ‘येईल.’

ती गेली. मी दार लावलं आणि वळले.

‘भाऊजी, सात महिन्यांत तुमच्या मिनिटात गेल्या तीन वर्षांतला एक तरी क्षण आला का?’

‘झलक जुन्या दिवसांची आहे.’

‘मी विचारलं त्याचं उत्तर द्या.’

‘मी खोटं काय दाखवलं?’ ते उसळले. ‘एक तरी शॉट बाहेरचा आहे? सगळे आमच्याच मालिकेतले!’

‘टोपलीत वर लाल सफरचंदं रचणारा फळवालाही आपलीच सफरचंदं रचतो. आपण त्याला काय म्हणतो? अडीच हजार भागांतले साठ सेकंद काढून लोकांना सांगता, हे बघा, पूर्वी असं होतं! आणि मी ते गिळलं. ज्या चुकीसाठी पोरांना नापास करायचे ती चूक मी रोज आठ वाजता करत होते.’

‘वहिनी, तू नको मला शिकवू. तुझ्या त्या विभागप्रमुख बाईंच्या निरोप समारंभाला गेली होतीस का? ताप आलाय म्हणालीस. मी कपाळाला हात लावून पाहिला होता. गार होतं.’

हे खरं होतं. खरं असलं की जास्त राग येतो.

‘मी फक्त गेले नाही,’ मी म्हटलं. ‘तिच्या खुर्चीचे स्क्रू काढले नाहीत. ती पोर स्वतःला कमी समजायला लागलीय, भाऊजी. नोकरी जाईल तिची.’

‘माझी खुर्ची गेली तेव्हा?’

‘तुमची नव्हतीच ती.’

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ताटं वाढली, उचलली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मिनिट बदललं. झलक बंद, कालच्या भागाचं सरळ मिनिट, आणि नव्या भागांतलं जे चांगलं होतं तेच वेचून. पण वेळ निघून गेली होती. उतरली म्हणून एकदा गावभर झालं की मालिकेला वर चढायला जिना राहत नाही. औषधवाली आठला यायचीही बंद झाली होती. तिला जिन्यात गाठून मी म्हटलं, ‘अहो, या आठवड्यात चांगली चाललीय.’

‘छे हो, उतरलीय ती. मी बघतच नाही.’

‘न बघता कसं कळलं?’

‘सगळेच म्हणतात की.’

महिन्याभरात मालिका बंद करायचं ठरलं. त्या आठला दुसरी येणार होती, तिची माणसंही दुसरी. शिष्येला सांगून टाकलं होतं की तुमची सोय तुम्ही बघा. आणि मालकांनी भाऊजींना बोलावून म्हटलं, ‘मिनिटराव, निरोपाचा भाग तुम्ही कापा. नऊ वर्षांतलं वेचक, बावीस मिनिटं. पाटीवर पहिलं नाव तुमचं.’

बघा, काय न्याय असतो. भाऊजींनी तो नवा शर्ट घातला.

जिन्याखालची खोली नव्या मालिकेला दिली गेली होती, म्हणून ते सहा खोकी आणि कामाचा संगणक घेऊन घरी आले, आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. शनिवारी भाग लागायचा होता. मंगळवार, बुधवार ते कार्डं काढत होते आणि गुणगुणत होते. गुरुवारी सकाळी मला म्हणाले, ‘बस. बघ.’

मी बसले. थप्पड. मिठी. थप्पड. दार आपटलं. रडणं. बंदूक. मिठी. पाऊस. थप्पड. चार मिनिटांत माझं डोकं ठणकायला लागलं. अकराव्या थपडेला मी हसले.

‘हसतेस काय? ही सगळ्यात चांगली थप्पड आहे.’

‘असेल. भाऊजी, ताटात नुसतं मीठ वाढलंय तुम्ही.’

त्यांनी क्रम बदलला. मिठ्या आधी घेतल्या. दुपारी पुन्हा दाखवलं. मी पाचव्या मिनिटाला उठले. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला बोलावलंच नाही, स्वतःच बघत बसले होते, आणि सहा मिनिटांवर बोट ठेवून तसेच थांबले होते. साठ वर्षांच्या माणसाचा चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा दिसत होता. ‘मध्ये काय होतं’ असं मी विचारल्यावर व्हायचा तसा.

‘तिला बोलवा,’ मी म्हटलं.

‘तिला? त्यापेक्षा पडदा काळा जाऊ दे.’

मी भांडी घासायला गेले. अर्ध्या तासाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते म्हणाले, ‘तू कर फोन. मी जेवतोय म्हणून सांग.’

सकाळचे दहा वाजले होते.

ती तासाभरात आली. दुसरी खुर्ची ओढून बसली आणि खोकी बघू लागली. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण खोक्यांना हात लावायची परवानगी तिला कधी नव्हती. तिने एक कार्ड काढलं, वाचलं, उलटं केलं. दुसरं काढलं, उलटं केलं. दहाएक कार्डं अशी झाली. मी चहाचे कप घेऊन दारातच थांबले.

‘सर, सगळ्यांच्या मागे याच वर्षाच्या तारखा आहेत.’

‘हं.’

‘आणि भाग सगळे पहिल्या तीन वर्षांतले. माझ्या भागांतला एकही नाही.’

भाऊजी चष्मा पुसत होते. तो चष्मा त्या दिवशी जन्मात झाला नसेल इतका स्वच्छ झाला.

‘मीही आठला बघायचे, सर,’ ती म्हणाली. ‘तुमचं मिनिट संपायचं, माझा भाग सुरू व्हायचा, आणि मला माझी लाज वाटायची. तुमच्या हाताचा इतका हेवा वाटायचा मला, की कधीकधी टीव्ही बंद करायचे.’

‘माझा? तुला हेवा?’

आणि देवाशपथ सांगते, त्या माणसाच्या तोंडावर आनंद पसरला. त्यांना टपली मारायला माझे हात रिकामे नव्हते. मी जोरात खोकले.

‘चुकलो मी,’ भाऊजी म्हणाले. मी पुन्हा खोकले. ‘मुद्दाम चुकलो.’

तिने कार्ड होतं त्याच कप्प्यात परत ठेवलं. बराच वेळ तिथेच बोट ठेवून बसली. मला वाटलं आता उठेल, पर्स घेईल, जाईल. गेली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

‘किती झालंय कापून?’ तिने विचारलं.

‘सहा मिनिटं.’

‘म्हणजे सोळा राहिली. सरका, सर.’

आठ थपडा तिने काढून टाकल्या. भाऊजी प्रत्येक थपडेला ‘अगं, अगं’ करत होते. मग कार्डांकडे न बघता ती जुने भाग उघडून शोधत बसली, आणि थपडांच्या मधे काहीबाही घालायला लागली: चादरी वाळत घातलेला गच्चीचा कठडा, रिकामा जिना, पुतण्या एकटाच बसून नखं कापतोय. आणि शेवटी किल्ल्या. लॉजवाली अकरा किल्ल्या फळीवर अडकवते. पहिलीपासून अकरावीपर्यंत, एकही न गाळता.

‘एकतीस सेकंद?’ भाऊजी म्हणाले. ‘लोक उठून जातील.’

‘जाऊ देत,’ ती म्हणाली.

शनिवारी औषधवाली आली, शेवटचा भाग म्हणून, नवऱ्यालाही घेऊन. बावीस मिनिटं कुणी हललं नाही. शेवटी ती बाई किल्ल्या लावू लागली. पाचव्या किल्लीला औषधवालीचा पंखा हलवणारा हात थांबला. दहावीला तिने नाक ओढलं. अकरावी अडकवून लॉजवालीने दिवा बंद केला, आणि नवरा, जो नऊ वर्षं क्रिकेट बघत होता, म्हणाला, ‘काय सुंदर मालिका होती!’

‘नऊ वर्षं बघतेय,’ औषधवाली म्हणाली, ‘पण ही किल्ल्या कशी लावते ते आजच दिसलं बाई.’

मग पाटी आली. संकलन: पहिलं नाव भाऊजींचं, दुसरं शिष्येचं. क्रम बदला म्हणून मी शुक्रवारीच सांगितलं होतं. ‘बघतो,’ म्हणाले होते. बघितलं नाही. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, तर ते पडद्याकडे पाहतच नव्हते. औषधवालीच्या ओल्या डोळ्यांकडे बघत होते, जसं दुसऱ्याच्या गच्चीवर वाळणाऱ्या रेशमी साडीकडे बघावं.

शिष्येला पंधरा दिवसांत दुसरीकडे काम लागलं. निरोपाचा भाग बघून तिथल्या लोकांनीच बोलावलं, आणि मुलाखतीत तिला विचारलं ते फक्त किल्ल्यांबद्दल. हे तिने फोन करून सांगितलं, मला. मी भाऊजींना सांगितलं. ‘वा,’ म्हणाले. हे ‘वा’ कसं निघालं ते लिहून दाखवता येत नाही.

त्यानंतर त्यांनी टेबलावर एक खोकं आणलं, कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं: ‘किल्ल्या, भाग १७४१, दोन मिनिटं पाच सेकंद ते दोन मिनिटं छत्तीस सेकंद.’ मग ते कार्ड हातात धरून कप्पे चाळत बसले. थपडेत बसेना, मिठीत बसेना, रडण्यातही नाही.

‘रोज माझ्या डोळ्यांसमोरून जायचं हे, वहिनी. अडीच हजार वेळा. आणि मी ते रोज कापून फेकायचो. मला का नाही दिसलं?’

‘तुम्हाला तिसऱ्या किल्लीच्या पुढे कधी दम धरवला?’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मालकांकडे पाहिलं असणार. मग एक जाड पुठ्ठा कापला, नवा कप्पा करायला, आणि त्याच्या डोक्यावर शिष्येचं नाव घातलं. पूर्ण नाव, आडनावासकट. अक्षर इतकं दाबून काढलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. मोडलेलं टोक फुंकून टाकलं, कार्ड आत सरकवलं, आणि खोक्याचं झाकण लावता लावता म्हणाले, ‘एकतीस सेकंद जरा जास्तच होते. अठ्ठावीसमध्ये झालं असतं.’